अम्मीच्या ऑपरेशनाआधी

या महिन्यात या पानावर सासू-सुनांच्या पत्रांना उत्तर द्यायचे ठरले होते. ते पुढच्या अंकावर ढकलले आहे. चिपळूणहून एका मुलीचे पत्र आले आहे आणि तिच्या अम्मीच्या उपचाराची तारीख पुढच्या महिन्यातली आहे. त्या पत्राला थांबवून ठेवणे आम्हाला बरे वाटले नाही.

पत्र चार पानांचे आहे. थोडक्यात हकीकत अशी. अम्मीचे वय बावन्न. नऊ वर्षांपासून बीपीची गोळी चालू. दोन महिन्यांपूर्वी चक्कर आली म्हणून एमआरआय काढला. चक्करीचे कारण कानात निघाले, पण त्याच फिल्मवर मेंदूच्या एका धमनीवर आठ मिलिमीटरचा फुगा दिसला. डॉक्टर त्याला ‘अ‍ॅन्युरिझम’ म्हणतात. तो फुटलेला नाही, पण बंद करून घ्यावा, जांघेतून तार घालून कॉइल बसवता येईल, असा सल्ला मोठ्या रुग्णालयातून मिळाला आहे. मामूंनी घरात सांगून टाकले, “हिच्या डोक्यात बॉम्ब आहे.” त्या दिवसापासून अम्मी मोकळेपणाने शिंकतसुद्धा नाही. मुलगी रात्री दोन-दोनदा उठून तिचा श्वास चालू आहे ना ते पाहते. त्यात भावाचा निकाह दीड महिन्यावर आला आहे आणि नानीचे म्हणणे, आधी लग्न उरकू, मग बघू.

पत्राची शेवटची ओळ अशी आहे: “अम्मी आम्हाला पूर्वीसारखी परत मिळेल ना?”

बेटी, अस्सलामु अलैकुम. आम्ही डॉक्टर नाही. पण नऊ वर्षांपूर्वी हाच आजार आमच्या घरात आला होता, आणि तोही फुगा फुटल्यावर. त्यानंतर या आजारातून गेलेली किती तरी माणसे आम्हाला भेटली. “काही होत नाही, अल्लाह बरे करील” एवढेच लिहून पाकीट बंद करणे सोपे होते. आम्हालाही त्या वेळी सगळे हेच म्हणत होते आणि त्याने आमची एक रात्रही सुखाची गेली नाही. ज्यांनी नीट माहिती दिली, पुढे काय-काय होईल ते आधी सांगितले, त्यांच्यामुळे धीर आला. तेच आज तुझ्यासाठी करतो.

बॉम्ब नव्हे, फुगवटा

सायकलची ट्यूब जुनी झाली की एखाद्या जागी रबर पातळ होते आणि हवा भरल्यावर तिथे फुगवटा येतो. धमनीचेही तसेच. मेंदूच्या तळाशी धमन्यांचे एक कडे असते. जिथे धमनीला फाटा फुटतो तिथे रक्ताचा मारा जास्त बसतो, आणि भिंत कमजोर असली तर ती बाहेर फुगते. बीपी, धूम्रपान, वाढते वय, घरातला वारसा ही त्याची मुख्य कारणे. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये तो जास्त आढळतो.

आता हे वाक्य मामूंना वाचून दाखव. असा फुगा शंभर प्रौढांमागे सुमारे तिघांना असतो, त्यातल्या बहुतेकांना तो आयुष्यभर कळतही नाही आणि बहुतेक फुगे कधी फुटत नाहीत. एखाद्याचा फुटतो तेव्हा मात्र जिवावर बेतते. म्हणून डॉक्टर आकार, जागा, वय, बीपी, घराण्यातला इतिहास हे सगळे तोलून ठरवतात की हा बंद करायचा की नुसते लक्ष ठेवायचे. तुझ्या अम्मीला बंद करायचा सल्ला दिला याचा अर्थ तो उद्या फुटणार असा होत नाही. तो फुटण्याआधी सापडला आहे, तब्येत चांगली आहे, शांतपणे तारीख ठरवायला वेळ मिळाला आहे. आमच्या आपाला यातले काहीच मिळाले नव्हते.

शिंकेला घाबरू नका. रोजचे जगणे बंद करायला डॉक्टर सहसा सांगत नाहीत. बीपीची गोळी एक दिवसही चुकू नये, बद्धकोष्ठता होऊ देऊ नये, पाण्याचा हंडा किंवा तांदळाचे पोते उचलू नये, घरात कुणी बिडी-सिगारेट ओढत असेल तर ती दाराबाहेर. अम्मी मिश्री लावत असेल तर तीही आता पुरे.

एक गोष्ट मात्र घरातल्या प्रत्येकाला पाठ असावी. अचानक, क्षणात, आयुष्यात कधी झाली नाही अशी भयंकर डोकेदुखी. तिच्याबरोबर उलटी, मान आखडणे, शुद्ध हरपणे किंवा फीट. किंवा एका डोळ्याची पापणी एकाएकी खाली येणे, एकाचे दोन दिसणे. यातले काहीही झाले तर वाट पाहायची नाही. १०८ ला फोन करायचा आणि सरळ मोठे रुग्णालय गाठायचे.

आमच्या घरात काय झाले

हे लिहिताना आजही हात अडखळतो, पण लिहायलाच हवे. आमची थोरली आपा भाकरी थापत होती. एकदम ओरडली, “मागून कुणी लाटणे मारले का?” मागे कुणी नव्हते. मग उलटी झाली. आम्ही काय केले? पित्त असेल म्हणून गोळी दिली, कपाळाला बाम चोळला, खोलीत अंधार करून निजवले. पाच तास. मगरिबच्या वेळी ती बोलताना अडखळू लागली तेव्हा गाडी काढली. सीटी स्कॅनमध्ये मेंदूभोवती रक्त दिसले. ते पाच तास आमच्या हातून गेले, दुसऱ्या कुणाच्या नाही. हे वाचून एखाद्या घरात तरी बामाची बाटली बाजूला ठेवून गाडी काढली जावी, म्हणून सांगितले.

दुसऱ्या दिवशी तिच्या डोक्याचे हाड उघडून फुग्याच्या मानेवर क्लिप बसवली. रुग्णालयात १९ दिवस होतो. पहिले दोन दिवस गेले की संकट टळले, असे आम्ही धरून चाललो होतो. पण डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवले होते की फुगा फुटल्यावर साधारण तिसऱ्या दिवसापासून दोन आठवड्यांपर्यंत मेंदूच्या धमन्या आकसू शकतात. सहाव्या दिवशी आपा एकाएकी भलतेच बोलू लागली. आधी कल्पना होती म्हणून आम्ही कोसळलो नाही. त्यावरही उपचार झाले आणि दोन दिवसांत ती आम्हाला ओळखू लागली. निमोडिपीन नावाचे औषध दर चार तासांनी, २१ दिवस द्यायचे असते. घरी आल्यावर राहिलेल्या दिवसांसाठी आमच्या भाच्याने वहीत चौकटी आखल्या आणि रात्री दोनच्या गजराला एकदाही उशीर केला नाही.

तुझ्या अम्मीचा फुगा फुटलेला नसल्याने यातले बरेच काही तिच्या वाट्याला येणार नाही, इन्शाअल्लाह. हे सांगितले ते दोन गोष्टींसाठी. एक, जे टाळण्यासाठी हा उपचार आहे ते काय असते हे नानीला कळावे. दुसरे, त्यातूनही माणूस परत येतो हे तुला कळावे.

क्लिप आणि कॉइल

उपचार मुख्यतः दोन. क्लिपिंगमध्ये कवटीचा छोटा भाग उघडून फुग्याच्या मानेला बाहेरून चिमटा लावतात. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात वॉल्टर डँडी या सर्जनने १९३७ साली अशी क्लिप पहिल्यांदा लावली. ती चांदीची होती आणि तो रुग्ण बरा झाला. हल्लीच्या क्लिपा बहुधा टायटेनियमच्या असतात. दुसरा उपचार कॉइलिंग. जांघेतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेतात आणि फुग्याच्या पोकळीत केसासारख्या बारीक प्लॅटिनमच्या तारेची वेटोळी भरतात. पोकळी भरली की रक्त आत शिरत नाही. डोके उघडावे लागत नाही. ही पद्धत गुइदो गुग्लिएल्मी या इटालियन डॉक्टरने काढली आणि १९९० पासून रुग्णांवर वापरली जाऊ लागली. काही ठिकाणी कॉइलबरोबर जाळीची नळी, म्हणजे स्टेंटही लागतो.

यात कोणता उपचार चांगला? २००२ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. फुगा फुटलेले २,१४३ रुग्ण त्यात होते. दोन्ही उपचार शक्य असलेल्या त्या रुग्णांमध्ये वर्षभरानंतर कॉइल बसवलेल्यांची स्थिती अधिक चांगली निघाली. पण कॉइल काही जणांत पुढे दबते आणि पुन्हा भरावी लागते. क्लिप जास्त टिकाऊ. काही फुग्यांचा आकार आणि जागाच अशी असते की क्लिपच योग्य. त्यामुळे शेजारणीला कॉइल लावली आणि आपल्याला क्लिप सांगितली, म्हणजे डॉक्टर जुन्या वळणाचा, असे धरून चालू नये.

उपचारात धोका अजिबात नाही असे जो सांगेल त्याचे ऐकू नका. मेंदूत रक्ताची गुठळी जाणे, नळी फिरताना फुगा फुटणे, हे थोड्या जणांत होऊ शकते. तुम्ही डॉक्टरांना सरळ विचारा: अम्मीच्या बाबतीत काही न करण्याचा धोका किती आणि उपचाराचा किती? असे उपचार तुमच्याकडे वर्षाला किती होतात? दुसरा पर्याय कोणता, आणि तो का नको? चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही. दुसरे मत घ्यायचे असेल तर फिल्म आणि सीडी मागून घ्या, तो रुग्णाचा हक्क आहे.

लग्नाआधी की लग्नानंतर

नानीचे मन आम्हाला कळते. घरात निकाह आणि आई रुग्णालयात, हे कुणाला आवडेल? पण ही तारीख नानीने ठरवू नये, मामूंनी नाही आणि आम्हीही नाही. डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा: “दीड महिना थांबलो तर चालेल का?” ते हो म्हणाले तर विषय संपला. नाही म्हणाले तरीही संपला. आमचे मत विचारशील तर, न फुटलेल्या फुग्याला कॉइल बसवल्यावर माणूस बहुधा दोन-तीन दिवसांत घरी येतो आणि काही आठवड्यांत हिंडू-फिरू लागतो. लग्नाच्या घरात जागरणे, धावपळ, राग-रुसवे, चुकलेल्या गोळ्या आणि मनात सतत ती धास्ती घेऊन वावरण्यापेक्षा, ते मागे टाकून खुर्चीवर शांत बसलेली आई बरी. निकाह साधा करता येतो, आठ-पंधरा दिवस पुढेही नेता येतो. त्यात कुणाची इज्जत जात नाही.

खर्चाबद्दल तू संकोचाने दोनच शब्द लिहिले आहेस. संकोच करू नकोस. कॉइल महाग असते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हा उपचार आणि तुमचे रुग्णालय बसते का, हे तिथल्या आरोग्यमित्राला भेटून विचारा. दाखल होण्याआधी विचारा, नंतर नाही. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात, त्यांनाही भेटा. रेशनकार्ड आणि आधारच्या चार-चार प्रती पिशवीत असू द्या.

त्या दिवशी

मिरजेच्या एका शिक्षिका बाईंनी आम्हाला त्यांची हकीकत सविस्तर सांगितली होती. त्यांचा फुगा तुझ्या अम्मीएवढाच, न फुटलेला. त्यांच्या आणि आपाच्या अनुभवातून हे लिहितो.

बांगड्या, चमकी, अंगठी आदल्या दिवशीच साबण लावून काढा. घट्ट बसलेली चमकी सकाळी घाईत निघत नाही. आधीपासून चालू असलेली प्रत्येक गोळी, हकिमाची किंवा आयुर्वेदिक असली तरी, डॉक्टरांना दाखवा. मधुमेह, किडनीचा त्रास, इंजेक्शनची अ‍ॅलर्जी असेल तर सांगा. स्टेंट बसणार असेल तर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या काही दिवस आधी सुरू करतात, त्या चुकवू नका.

अम्मीला परक्या पुरुषांसमोर संकोच वाटतो असे तू लिहिले आहेस. तो अगदी स्वाभाविक आहे. दाखल होतानाच नर्सबाईंना सांगा. जांघेची तयारी सहसा नर्सकडून करून घेता येते, अंगावर चादर राहते, नळीच्या जागेपुरतेच उघडे असते. थिएटरच्या दारापर्यंत ओढणी ठेवू द्या म्हटले तर बहुतेक ठिकाणी हो म्हणतात आणि आत टोपी घालतातच. मनगटातून करता येईल का, हेही विचारून पाहा. सगळ्यांना जमत नाही, पण विचारायला हरकत नाही. बहुधा पूर्ण भूल देतात, त्यामुळे अम्मीला आत काही कळणार नाही.

बाहेर बसलेल्यांसाठी हे काही तास फार लांब असतात. सांगितलेल्या वेळेपेक्षा उशीर झाला तर लगेच वाईट शंका घेऊ नका. भूल देणे, नळी नेणे, पुन्हा-पुन्हा फोटो घेणे यातच वेळ जातो. फोन एकाच माणसाकडे ठेवा. आमच्या वेळी पंचवीस नातेवाइकांना पंचवीस वेळा तेच सांगता-सांगता आमचा भाऊ रडकुंडीला आला होता.

नंतर जांघेतून नळी घातली असेल तर काही तास पाय सरळ ठेवून उताणे पडावे लागते. शिक्षिका बाई म्हणाल्या, “ऑपरेशनापेक्षा ते पडून राहणेच जिवावर आले.” जांघेत काळे-निळे होणे नेहमीचे. पण तिथे फुगत चालले, रक्त आले किंवा पाय गार पडला तर तिथे दाबून धरा आणि नर्सला हाक मारा. काही दिवस डोके दुखते, थकवा येतो. घरी उकिडवे बसणे टाळा; शौचाला खुर्चीचे कमोड भाड्याने मिळते, ते आणून ठेवा.

नमाज खुर्चीवर बसून किंवा पडून इशाऱ्यानेही होते, हे अम्मीला माहीत असेलच, पण आजारी माणसाला ते कुणीतरी आठवण करून द्यावे लागते. सजद्यासाठी वाकायला कधीपासून हरकत नाही ते डॉक्टर सांगतील. पट्टी ओली करायची नाही. तिच्यावर मसह कसा करायचा ते आपल्या आलिमांना विचारा. रोज्यांचेही तसेच. आजाऱ्याला सवलत आहे, राहिलेले रोजे नंतर ठेवता येतात. गोळ्यांच्या वेळा मोडून आणि पाण्यावाचून राहून आत्ताच रोजे ठेवायचा हट्ट तिने धरला तर तिला प्रेमाने थांबवा.

घरी आल्यावर

खरी कसोटी इथे लागते आणि ती घरच्यांची असते. क्लिपचे रुग्ण घरी येतात तेव्हा टाके दिसतात, त्यामुळे लोक जपतात. कॉइलच्या रुग्णाच्या अंगावर काहीच दिसत नाही. चौथ्या दिवशी लोक म्हणतात, “चांगली तर दिसते.” आणि पाचव्या दिवशी तिला चहा टाकायला सांगतात.

आमची आपा घरी आली तेव्हा कुकरची शिट्टी तिला सहन होत नसे. टीव्ही लावला की कान झाकून घ्यायची. छोट्या गोष्टीवरून रडायची, मग रडल्याबद्दल माफी मागायची. डोक्यात टकटक आवाज येतो म्हणून एका रात्री घाबरून उठली. हाड भरून येताना असे होते, असे डॉक्टरांनी सांगितल्यावर शांत झाली. जबडा पूर्ण उघडत नसे, म्हणून महिनाभर घास लहान करून दिले. नमाजमध्ये रकअती विसरायची. मग तिची सून जवळ बसून मोजायची आणि हळूच सांगायची. त्या पोरीने ते सगळे दिवस एकदाही “आत्ताच तर सांगितले” असे म्हटले नाही. आपा आजही सांगते, मला अर्धे औषधाने बरे केले आणि अर्धे त्या पोरीने.

आपा शिवणकाम करायची. पहिले तीन महिने तिने मशीनकडे पाहिलेही नाही. चौथ्या महिन्यात एका ब्लाऊजचे माप घेतले आणि दंडाचा आकडा कमरेच्या जागी लिहिला. कापड वाया गेले, ती दिवसभर बोलली नाही. मग बाळाची झबली शिवायला घेतली, सरळ शिलाईची. दहाव्या महिन्यात गिऱ्हाइकाचे ब्लाऊज पुन्हा शिवू लागली. आज काय उरले आहे तेही सांगतो. दुपारी दोननंतर तिला झोप लागतेच. नावे विसरते. कानाच्या वर एक जागा आहे, तिथून कंगवा फिरला तरी तिला कळत नाही. बाकी नातवंडांची शाळा, बाजार, शिवण, सगळे तीच पाहते. अल्हम्दुलिल्लाह.

मिरजेच्या बाईंचे त्यापेक्षा पुष्कळ सोपे गेले. तिसऱ्या दिवशी घरी, सहाव्या आठवड्यात शाळेत. सहा महिन्यांनी पुन्हा अँजिओग्राफी झाली, फुगा बंदच होता. पण त्यांनी एक वेगळी गोष्ट सांगितली. वर्षभर जरा डोके दुखले की त्यांच्या पायाखालची जमीन सरकायची. कुणाला सांगायची लाज वाटायची, कारण सगळ्यांच्या लेखी त्या बऱ्या झाल्या होत्या. शेवटी डॉक्टरांनाच विचारले, साधी डोकेदुखी कोणती आणि धावत यायचे कधी? उत्तर कागदावर लिहून घेतले आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवले. तेव्हापासून झोप लागू लागली. अम्मीची उदासी किंवा भीती फार दिवस टिकली तर तीही डॉक्टरांना सांगा. तो ईमानाचा कमकुवतपणा नव्हे, आजाराचाच भाग आहे.

आमच्या ओळखीचे एक चाचा आहेत, वय चौऱ्याहत्तर. त्यांचा फुगा तीन मिलिमीटरचा. डॉक्टरांनी उपचार नको, ठरावीक मुदतीने तपासणी करू, म्हणून सांगितले. चाचांनी बिडी सोडली आणि बीपीची गोळी धरली. म्हणतात, “वरच्या मजल्यावर भाडेकरू ठेवला आहे. भाडे देत नाही, पण भांडतही नाही.” प्रत्येक फुग्याला एकच इलाज नसतो, हे कळावे म्हणून त्यांचे नाव काढले.

जगातली नावाजलेली माणसेही यातून गेली आहेत. जो बायडेन यांच्यावर १९८८ साली अशा दोन फुग्यांची दोन ऑपरेशने झाली. त्याच वर्षी ते सिनेटच्या कामाला परतले आणि २०२१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. एमिलिया क्लार्क या इंग्लिश अभिनेत्रीचा फुगा २०११ साली चोविसाव्या वर्षी फुटला. कॉइल बसली, पण काही दिवस तिला स्वतःचे नाव सांगता येईना. दोन वर्षांनी दुसऱ्या फुग्यासाठी डोके उघडावे लागले. हे सगळे चालू असताना तिने मालिकेत काम केले आणि २०१९ मध्ये स्वतः सगळी हकीकत लिहून जगाला सांगितली.

आता भेटायला येणाऱ्यांविषयी. आजाऱ्याला भेटणे सवाबाचे काम आहे, पण पाच मिनिटे बसून दुआ करून उठणे हेही त्यातच येते. पहिले दोन आठवडे दारातच गोड बोलून परत पाठवायचे काम घरातल्या एखाद्या खमक्या माणसाकडे द्या. मामूंना ते जमेल असे वाटते. बॉम्बची गोष्ट त्यांनीच काढली आहे, आता पहारा त्यांनीच द्यावा.

रुग्णालयातून निघताना क्लिप, कॉइल किंवा स्टेंटचे कार्ड मागून घ्या आणि त्याचा फोटो सगळ्यांच्या मोबाइलमध्ये ठेवा. पुढे कधी एमआरआय करायचा झाला तर आधी ते दाखवा. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या असतील तर दात काढतानाही त्या स्वतःहून बंद करू नका, आधी विचारा. आणि पुन्हा तपासणीची जी तारीख दिली असेल ती बरे वाटते म्हणून टाळू नका.

तू तुझ्याबद्दलही विचारले आहेस, मलाही असेल का? घरात आई-वडील, भावंडे, मुले यांपैकी दोघांना किंवा जास्त जणांना असा फुगा असेल तर बाकीच्यांची तपासणी करावी का, हे डॉक्टर ठरवतात. एकट्या अम्मीला असल्याने सगळ्यांनी एमआरआयच्या रांगेत उभे राहायची गरज सहसा पडत नाही. आपले बीपी मोजून घे आणि भाऊ सिगारेट ओढत असेल तर लग्नाआधी त्याच्याकडून वचन घे.

आता तुझी शेवटची ओळ. अम्मी पूर्वीसारखी परत मिळेल का? न फुटलेला फुगा वेळेवर बंद केलेली पुष्कळ माणसे आपल्या पूर्वीच्या कामाला लागतात, तशी तीही लागावी अशी पूर्ण आशा धर. पण पहिल्या महिन्यात तिच्याकडे ‘पूर्वीची अम्मी’ मागू नकोस. ती थकलेली असेल, विसरेल, चिडेल. त्या दिवसांत घरातल्यांनी तिला लागेल तेवढा वेळ दिला तर तिची वाट सोपी होते. आपाला पूर्वीसारखी होण्यासाठी दहा महिने लागले, आणि जी परत आली तिला आम्ही नावे विसरण्यासकट आमची आपा मानतो.

आज रात्री एकदाच उठून अम्मीचा श्वास पाहा, आणि उद्यापासून तेही बंद कर. तारीख झाली की दोन ओळी कळव. आपा तुझे पत्र दोनदा वाचून घेऊन बसली आहे. तिने अम्मीसाठी पुढून उघडणारा गाऊन शिवायला घेतला आहे, डोक्यावरून ओढावा लागू नये म्हणून. माप तेवढे पाठव. या वेळी आकडे आम्ही स्वतः लिहून देऊ.